जिन्यातले इमर्जन्सी दिवे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमची कोथरूडची सोसायटी अकरा मजल्यांची. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेली आणि आमच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरताना पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. जनरेटर सुरू व्हायला जेमतेम पंधरा सेकंद लागले होते, पण काकू त्या पंधरा सेकंदांतच पडल्या. पुढच्या जनरल बॉडीत मी हा विषय लावून धरला. यंदा पाडव्याच्या आधी दोन्ही जिने, पार्किंग आणि बाहेर पडायची दारं मिळून ३४ दिवे बसले. प्रत्येकाच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. दारांवरच्या दिव्यांवर धावणाऱ्या माणसाचं हिरवं चिन्ह आहे. एक नग आम्हाला १,८५० रुपयांना पडला, मजुरी वेगळी.

‘जनरेटर आहे, मग हे कशाला?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. पंधरा सेकंदांचं कारण सांगितलंच, पण त्याहून मोठं कारण मीटर रूमचं आहे. तिथे आग लागली तर सगळा पुरवठा तोडावा लागतो आणि जनरेटरची वीजही त्याच पॅनेलमधून, त्याच डक्टमधून (वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतून) वर जाते. अशा वेळी स्वतःची बॅटरी असलेला दिवाच पेटतो. उलट बाजूही सांगते. उंच इमारतीत जनरेटरच्या जागी नुसते बॅटरीचे दिवे लावून भागवता येत नाही, नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे इमारतींसाठीची राष्ट्रीय नियमावली, ते मान्य करत नाही. दोन्ही हवेत.

पहिले तीन महिने मी समाधानात होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वॉचमनदादांना घेऊन सगळे मजले फिरायचे, टेस्टचं बटण दाबायचे, दिवा पेटला की वहीत खूण करायचे. एकही दिवा बंद सापडला नाही.

जूनमधल्या एका गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम होतं, वीज जाणार हे आधीच कळलं होतं. कोडमध्ये दिवे किमान ९० मिनिटं टिकले पाहिजेत असं आहे. म्हटलं, खरंच टिकतात का बघूया. लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करून, सगळ्यांना आधी सांगून, जनरेटर बंद ठेवला. विसाव्या मिनिटाला दहाव्या मजल्यावरचा दिवा मंदावला. नव्वद मिनिटं झाली तेव्हा ३४ पैकी १९ विझलेले होते, त्यातले बहुतेक जिन्यातले. पार्किंगमधले सगळे व्यवस्थित चालू होते.

बॅटऱ्याच खराब आल्या असं आधी वाटलं. कारण निघालं वायरिंगमध्ये. आमच्या जिन्यातले नेहमीचे दिवे टायमरवर आहेत, संध्याकाळी लागतात आणि सकाळी सहाला बंद होतात. वायरमनने इमर्जन्सी दिव्यांची लाइन टायमरच्या नंतर जोडली होती. त्यामुळे रोज सकाळी सहाला त्या दिव्यांना वीज गेल्यासारखं वाटायचं. ते पेटायचे, बॅटरी संपेपर्यंत जळायचे आणि रात्री पुन्हा चार्ज व्हायचे. दिवसाउजेडी कुणाच्या लक्षात येणार? नव्वद दिवस बॅटऱ्या रोज तळापर्यंत रिकाम्या होत होत्या. वरच्या दोन मजल्यांची अवस्था सगळ्यात वाईट, कारण वर तापलेली गच्ची. एप्रिल-मेची उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते.

दुसऱ्या वायरमनकडून लाइन बदलून घेतली. लाइन जिन्याच्याच सर्किटवरची हवी, पण टायमर आणि बटणाच्या आधीची. ‘मग थेट जनरेटरच्या किंवा लिफ्टच्या लाइनवर टाका ना,’ असंही एकाने सुचवलं. तसं अजिबात करू नका. उद्या नुसता जिन्याचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडला तर दुसऱ्या लाइनवरचा दिवा आरामात चार्ज होत राहील आणि जिना अंधारात. जुलैत आमच्याकडे नेमकी हीच वेळ आली. पाणी झिरपून रात्री अकराला जिन्याचा एमसीबी पडला, बाकी इमारतीत लाइट होती. सगळे इमर्जन्सी दिवे लगेच पेटले. काकूंचा मुलगा तेव्हा जिन्यातच होता, त्यानेच वर येऊन सांगितलं. त्या रात्री मला फार बरं वाटलं.

उजेडाबद्दल. बाहेर पडायच्या वाटेच्या मधोमध, जमिनीवर किमान १० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. मोबाइलमधल्या ॲपवर माझा विश्वास नव्हता, म्हणून ओळखीतून लक्स मीटर आणला. दिव्याखाली १६ भरले, पण दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर, जिथे जिना वळतो, तिथे फक्त ४. खरं तर जिन्याच्या प्रत्येक भागावर थेट उजेड पडेल असा दिवा लावायचा असतो आणि वाट जिथे वळते तिथेही, साधारण दोन मीटरच्या आत. आम्ही पैसे वाचवायला मधले टप्पे सोडले होते. ही माझीच चूक, कोटेशन मीच मंजूर करून घेतलं होतं. दिवाळीआधी आणखी २२ दिवे घेतले. इमारतीच्या शेवटच्या दाराबाहेरही एक लावला, कारण दारातून सुटल्यावर पुढे दोन पायऱ्या आहेत.

या उजेडात चालून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: चपलांचे स्टँड, कुंड्या, एक जुनी सायकल. ट्यूबच्या प्रकाशात ते नजरेला सवयीचं झालं होतं. अर्धवट उजेडात तीन ठिकाणी माझा पाय अडखळला. सायकल आणि कुंड्या हलल्या. दोन घरांचे स्टँड अजून तिथेच आहेत आणि मी दर आठवड्याला त्यांच्या दारात जाते.

दिव्याची प्लास्टिकची बॉडी ठीक आहे. चार्जिंगचा दिवा फार बारीक आहे, खालून दिसत नाही. बॅटरी पेचकसाने दोन मिनिटांत बदलता येते, हे मात्र उत्तम. नवीन बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या घेतल्या, त्या उष्णतेत जास्त तग धरतात. विक्रेत्याने १९ पैकी ६ वॉरंटीत दिल्या, बाकीच्यांचे पैसे सोसायटीने भरले.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लायसन्स्ड एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. जुलैत आलेल्या माणसाने दोन दिव्यांचं बटण दाबलं आणि तो सही करायला निघाला. मी त्याला थांबवून जूनची वही दाखवली. मग तो सगळे मजले चढला. जानेवारीच्या फॉर्मआधी एका गुरुवारी पुन्हा पूर्ण दीड तासाची चाचणी घेणार आहे, या वेळी ५६ दिव्यांची. काकू आता काठी घेऊन चालतात. दहाव्या मिनिटाला जिन्यात येऊन बघेन म्हणाल्या आहेत.