मुरबाडच्या दोन एकरांत काय पाळावं: एमू, कडकनाथ, बटेर की शेळ्या?

ठाण्या-डोंबिवलीत फ्लॅट, मुरबाड नाहीतर कर्जतकडे आजोबांच्या नावचा सातबारा आणि डोक्यात ‘नेहमीपेक्षा काहीतरी वेगळं पाळू या’ हा किडा. या लेखाचा वाचक मी असाच धरलाय.

टेक्सासमधल्या गेम रँचचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांची सुरुवात हरणांपासून होते. गंमत म्हणजे तिथल्या रँचवर चरणारे चितळ, काळवीट आणि नीलगाय मूळचे आपल्याकडचे. 1930 च्या दशकापासून ते तिथे वाढले, जमीनमालकाच्या कुंपणात आले आणि शिकारी पैसे मोजून येऊ लागले. दक्षिण आफ्रिकेत तर 1991 च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या मालकाची प्राण्यावरची मालकी तो प्राणी पळून गेला तरी टिकते. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकार बंद, आणि बेकायदा पकडलेला किंवा पाळलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. आठ फुटी जाळी ठोकली म्हणून चितळ तुमचं होत नाही. ‘रिसॉर्टवर पाहुण्यांना दाखवायला चार हरणं’ हासुद्धा प्राणिसंग्रहालयाचा मामला होतो, त्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. हा पर्याय इथेच खोडून टाका.

उरलेल्या चारांत निवड करताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: हा प्राणी कोण विकत घेतो? खाणारा, की पाळणारा? फक्त नवे पाळणारेच विकत घेत असतील तर तो बाजार नाही, साखळी आहे, आणि शेवटची कडी तुमच्या गळ्यात पडणार.

एमूचं नेमकं हेच झालं. पक्षी रुबाबदार, चाळीस-पन्नास किलोचा, अंडं गडद हिरवं. नर दीड-दोन महिने अंड्यांवर बसतो, हे पाहुण्यांना सांगायला छान. पण अंड्यावर यायला दीड-दोन वर्षं, तोवर रोज खुराक. तेल, कातडं, मांस सगळ्याला मागणी आहे म्हणे, पण आपल्या कोपऱ्यावरच्या मटणवाल्याकडे एमू कधी लटकलेला बघितलाय? जोड्या विकून ‘परत आम्हीच घेऊ’ म्हणणाऱ्या योजनांचं भांडं 2012 मध्ये फुटलं. तमिळनाडूतल्या पेरुंदुराईच्या सुसी एमू फार्म्सचं प्रकरण त्यात सर्वांत गाजलं. महाराष्ट्रातही खुराक परवडेना म्हणून लोकांनी पक्षी मोकळे सोडले. फुकट मिळाला तरी घेऊ नका.

कडकनाथची गोष्ट थोडी वेगळी, कारण कोंबडी खाणारे आहेतच. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या मांसाच्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भाव चढला, आणि 2019 मध्ये सांगलीतल्या इस्लामपूरला पिल्लं देऊन पक्षी परत घेण्याच्या योजनेत शेकडो शेतकरी अडकले. दोष कोंबडीचा नव्हता. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, कडकनाथला किलो-सव्वा किलोसाठी पाच-सहा महिने लागतात. एवढ्या महिन्यांचा खुराक वसूल व्हायचा तर गिऱ्हाईक स्वतः शोधलेलं हवं. तुमच्या सोसायटीत आणि ऑफिसात गावठी अंडी-कोंबडी नियमित घेणारी वीस-पंचवीस घरं असतील तर शंभरेक पक्षी ठेवा. त्यापुढे जाऊ नका. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा की रस्सा काळपट होतो आणि कुकरच्या शिट्ट्या जास्त लागतात, नाहीतर दुसऱ्यांदा फोन येत नाही.

बटेर, म्हणजे लाव्याच्या जातीचा छोटा पक्षी, मला मनापासून आवडतो, तोही हिशेबासाठी. जपानी बटेर भारतात 1974 मध्ये आला. पाच आठवड्यांत पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा पक्षी विक्रीला तयार, मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर. पिंजऱ्यात चौरस फुटाला चार-पाच पक्षी मावतात. म्हणजे दोन एकर लागतच नाहीत, एक बंद शेड पुरते. पण मादी अंडी उबवत नाही, ते अंग या जातीत उरलेलंच नाही. म्हणून उबवणी यंत्र घ्या नाहीतर पिल्लं विकत आणा. पिल्लू सात-आठ ग्रॅमचं, अंगठ्याएवढं. पाण्याच्या उथळ भांड्यातही बुडून मरतं, म्हणून भांड्यात गोट्या किंवा खडे टाकतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं की पाय फाकून लुळे पडतात, तिथे खरबरीत कागद हवा. पहिल्या आठवड्यात ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्याची, ऊब पस्तीस-सदतीस अंशांवर ठेवायची. मुरबाडची वीज रात्री गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर सकाळी पिल्लांचा ढीग मिळतो.

विक्री हॉटेलांना, पण त्यांना दर आठवड्याला ठरलेला माल लागतो. पाच आठवड्यांच्या चक्राचा फायदा असा की श्रावण, गणपती, नवरात्राच्या मंदीत माल तयार होणार नाही अशी पिल्लं टाकता येतात. पावती मात्र जपा. रानातला लावा संरक्षित आहे, त्याला धरणं गुन्हा. 2011 मध्ये केंद्राने जपानी बटेरांवरही निर्बंध आणले होते, ते पुढे सैल झाले. पक्षी कुठून आणले ते कागदावर दाखवता आलं की कटकट नाही.

पक्षी कुठलाही असो, बर्ड फ्लू गृहीत धरा. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत तो निघाला आणि एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारावे लागले. शेजारच्या पोल्ट्रीत रोग आला तर तुमचे धडधाकट पक्षीही जातात.

शेळीत नावीन्य काही नाही, आणि तेच तिचं बलस्थान. बोकड विकला जाणार का, हा प्रश्न मुंबईत कुणाला पडत नाही. बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात जाऊन उभे राहा, वर्ष भरलेल्या, दोन दाती, देखण्या बोकडाला काय भाव मिळतो ते कानांनी ऐका. पाच महिन्यांचा गाभण काळ, दोन वर्षांत तीन वेत, जुळी नेहमीची. अडचण पावसाची. उस्मानाबादी शेळी मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली, कर्जत-मुरबाडच्या पावसात खूर कुजतात, न्यूमोनिया होतो. जमिनीपासून वर फळ्यांचा माचा बांधा, पावसाआधी पीपीआर (शेळ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस टोचा, आणि कोकण कन्याळचा विचार करा, ती जातच पावसाळी मुलखातली. आफ्रिकन बोअरचा बोकड संकरासाठी ठीक, अख्खा कळप बोअरचा करणं म्हणजे हौस. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या-पाच बोकडांच्या गटाला 50 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे, पण पहिल्यांदा करणाऱ्याने एवढ्या मोठ्या गटाला हात घालू नये.

आता निवड. शेतावर राहणारं विश्वासू कुटुंब असेल आणि तुम्ही शनिवार-रविवारच जाणार असाल तर दहा-पंधरा शेळ्या. शहराजवळ शेड आहे, घरातलं कुणीतरी रोज तिथे असतं आणि दोन-तीन हॉटेलवाले आधीच तयार आहेत, तर बटेर. ओळखीचं गिऱ्हाईक आहे पण वेळ कमी, तर थोडे कडकनाथ. गड्याच्या भरवशावर बटेर सोडून लोकलने घरी यायचा विचार असेल तर नका करू, मंगळवारी रात्री लाइट गेल्याचं तुम्हाला शनिवारी कळेल.

शेळ्यांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रशिक्षण आधी करून घ्या. जमीन अजून घ्यायची असेल तर घरात शेतकरी खातेदार कोण आहे ते बघा, राज्यात शेतजमीन त्यालाच घेता येते. माथेरानच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात कर्जतचा काही भाग येतो, तेव्हा शेड बांधण्याआधी तुमचा गट नंबर त्यात येतो का ते तपासा.