कोडेक्स की पोथी? मराठी झाइनचं पान ठरवताना

मध्ययुगीन हस्तलिखितासारखं झाइन, म्हणजे स्वतःच छापून वाटायची छोटी पुस्तिका, काढायचं म्हटलं की डोळ्यांपुढे युरोपातलंच पान येतं: सोनेरी वेलबुट्टी, पाव पान व्यापणारं पहिलं अक्षर, समासात ससे आणि गोगलगायी. मजकूर मराठी असेल तर दुसरा नमुना आपल्याकडेच आहे, पश्चिम भारतातल्या कल्पसूत्र या जैन धर्मग्रंथाच्या हस्तलिखितांची आडवी, सुट्या पानांची पोथी. दोन्ही सांगाडे साध्या ए-फोर कागदावर बसतात. निवड मात्र सजावट बघून करू नये. मजकूर किती लांब आहे आणि त्याच्या बाजूला आणखी काय छापायचंय, हे आधी बघावं.

ए-फोर मधोमध दुमडून दोन पिना मारल्या की ए-फाइव्हची पुस्तिका, म्हणजे युरोपीय कोडेक्सचं (दुमडलेली पानं एका कडेला शिवलेल्या पुस्तकाचं) धाकटं भावंड. पानाची रुंदी आणि उंची प्रत्येकी ९ भागांत वाटा. समास आतल्या बाजूला १ भाग, वर १, बाहेर २ आणि खाली २. मध्ययुगीन पुस्तकांतलं हे गणित यान चिखोल्ड या मुद्रणतज्ज्ञाने विसाव्या शतकात पुन्हा प्रचारात आणलं. ए-फाइव्हवर हे समास साधारण १६, २३, ३३ आणि ४७ मिलिमीटर येतात आणि मजकुराला ९९ गुणिले १४० मिलिमीटरची चौकट उरते. पानाचा ४४ टक्केच भाग. छापणारा विचारेलच, एवढी जागा कोरी का सोडलीय? पण ११ पॉइंटचं अक्षर आणि १६ पॉइंटचं ओळींतलं अंतर ठेवलं तर २४-२५ ओळी बसतात, आणि लांब गद्य वाचायला याहून सुखाचं पान नाही.

शिवाय खरी गंमत त्या ३३ मिलिमीटरच्या समासातच आहे. तेराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात रोमन कायद्याच्या प्रतींमध्ये मूळ मजकूर मधे आणि अक्कुर्सियस या कायदेपंडिताची टीका, म्हणजे स्पष्टीकरण, चारी बाजूंनी अशी रचना असे. इ.स. १३००च्या आसपास उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्समधले चित्रकार समासात गोगलगायीशी लढणारे सरदार काढत होते. तुमच्या झाइनमध्ये तळटीपा, उलट प्रश्न किंवा खोडसाळ रेखाटनं असतील तर त्यांचं घर हेच.

अडचण अक्षरांपाशी सुरू होते. मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक लिपीचं सौंदर्य दाटीने उभ्या राहिलेल्या दांड्यांत आहे. तो साज देवनागरीवर चढवला की भुताच्या सिनेमाचं पोस्टर तयार होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या पहिल्या अक्षराचंही तसंच. देवनागरीत कॅपिटल नाही. ‘किती’ या शब्दातला ‘कि’ तीन ओळींएवढा केला की शिरोरेषा तुटते आणि ‘ती’ पोरकी होते. त्यापेक्षा पहिला अख्खा शब्द किंवा पहिली ओळ लाल करा. आपल्या पोथ्यांतलं ‘श्रीगणेशाय नमः’ अनेकदा असंच लाल असतं.

आता पोथी. ए-फोर लांबीत मधोमध कापला की २९७ गुणिले १०५ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या मिळतात. कल्पसूत्रांची कागदी पानं बहुधा २५ ते ३० सेंटिमीटर रुंद आणि १०-११ सेंटिमीटर उंच, त्यामुळे कागद फारसा वाया जात नाही. हा आकार ताडपत्राकडून आला. दोरा ओवायचं भोक कागदाला लागत नव्हतं, तरी त्याच्या जागी लाल किंवा सोनेरी वर्तुळ काढायची सवय राहिली. पोथी लिहिणारे काही लेखनिक तर अक्षरांमध्ये नेमकी जागा सोडून पानाच्या मधोमध कोऱ्या चौकटीची नक्षी उमटवत. संगणकावर हे जमतं, वेळ मात्र खातं.

पोथीची ओळ फार लांब असते, हा तिचा मोठा दोष. ११ पॉइंटमध्ये मजकूर लावलात तर वाचणारा ओळ हरवतो. अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको आणि पानावर ७-८च ओळी. म्हणजे कविता, ओव्या, म्हणी, छोट्या नोंदी. दहा पानी लेखाला हा आकार झेपत नाही.

मूळ आणि टीका एकत्र दाखवायची असेल तर पोथी बोलोन्याच्या तोडीस तोड आहे. त्रिपाठ पद्धतीत मूळ मधे मोठ्या अक्षरात, टीका वर आणि खाली; पंचपाठात डाव्या-उजव्या समासांतही. आजीची ओवी मधे आणि तीन नातींची शेरेबाजी भोवती, असं काही असेल तर मी डोळे झाकून पंचपाठ घेईन. एक काळजी घ्या: शेजारच्या लहान-मोठ्या ओळी तळाने जुळवू नका, शिरोरेषेने जुळवा. देवनागरी रेघेवर बसत नाही, रेघेला लटकते.

पोथीसाठी एक फॉन्टही तयार आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘जैनी’ हा १५०३च्या कल्पसूत्रावर आधारलेला असून गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्याचंच ‘जैनी पूर्व’ हे रूप जुनी अक्षरवळणं राखतं, म्हणून ते शीर्षकापुरतं ठेवा. पुस्तिकेतल्या बारीक गद्याला ‘तिरो देवनागरी मराठी’ बरा. त्यातले ल आणि श मराठी वळणाचे आहेत.

छपाईत दोघांचे हट्ट वेगळे. पुस्तिकेची पानं ४च्या पटीत लागतात आणि दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटतो. पोथीला कितीही पानं चालतात, पण ती खालून वर उलटायची असल्याने छपाई लांब कडेवर उलटावी लागते. त्यातही वरच्या पट्टीची पाठ मागच्या बाजूला खालच्या पट्टीवर येते, हे विसरलात तर अख्खा गठ्ठा रद्दी. सुटी पानं विस्कटतात, म्हणून प्रत्येकावर आकडा हवाच, आणि बांधायला रुमाल किंवा दोरा. विकायला ठेवणार असाल तर पिना मारलेली पुस्तिकाच सोयीची.

लाल रंग दोन्हीकडे लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. गुटेनबर्गनेही बायबलच्या सुरुवातीची काही पानं लाल शाईत छापून पाहिली आणि पुढे ते काम हाताने करणाऱ्यांवर सोपवलं. शे-दीडशे प्रती असतील तर तुम्हीही काळी झेरॉक्स काढून लाल शब्द हाताने भरा. पेनची शाई त्या कागदावर फुटते का, ते आधी एका पानावर बघून घ्या.