चौदा काउंटचे कापड, बांबूची रिंग आणि जुन्या साड्यांची गोधडी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला मी दोन कामे एकदम हाती घेतली. एक क्रॉस स्टिचचे, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत फुलीच्या टाक्याचे चित्र, आणि दुसरी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. आता गौरी-गणपती आटोपले आहेत, दोन्ही कामे अजून पूर्ण झालेली नाहीत, पण त्यांसाठी घेतलेल्या साहित्याचा कस मात्र पुरता लागला आहे. दापोली तालुक्यातील आमचे गाव हर्णैपासून फार लांब नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, उन्हाळ्यातली आंब्याची गडबड आणि वर्षभर येणारी-जाणारी माणसे यांतून वेळ काढून हे काम चालते. त्यामुळे एखादी वस्तू नवी असताना कशी दिसते यापेक्षा ती काम अर्धवट टाकून उठल्यावर आणि आषाढात पेटीत पडून राहिल्यावर कशी राहते, हे मी पाहिले आहे.

चित्र खंड्या पक्ष्याचे आहे. ज्या छापील नमुन्यातला एकेक चौकोन मोजून एकेक फुली भरायची त्याला आलेख म्हणतात; आडवे ११२ आणि उभे १५४ चौकोन असलेला हा आलेख चौदा काउंटच्या कापडावर, म्हणजे एका इंचात चौदा चौकोन असलेल्या आयडा कापडावर, बरोबर आठ इंच बाय अकरा इंच भरतो. कापड पुण्याच्या रविवार पेठेतून आणले. आमच्या माजघरात सासूबाईंनी लग्नापूर्वी भरलेले ‘सुस्वागतम्’ आणि दोन पोपट काचेच्या चौकटीत आहेत, ते दोसुतीवरचे, म्हणजे दुहेरी धाग्यांच्या जाड सुती कापडावरचे. दोसुतीवर प्रत्येक फुलीसाठी धागे मोजावे लागतात. आयडा कापडात धाग्यांचे गट विणतानाच पाडलेले असतात आणि चारही कोपऱ्यांना स्पष्ट छिद्रे असतात, त्यामुळे माझ्यासारख्या चाळिशीचा चष्मा लागलेल्या बाईला संध्याकाळच्या उजेडातही सुई कुठे घालायची ते कळते. कापडाबद्दल माझे मत चांगले आहे. अकरा महिन्यांत रिंगमध्ये, म्हणजे भरताना कापड ताणून धरणाऱ्या एकात एक बसणाऱ्या दोन कड्यांमध्ये, शंभर वेळा आवळूनही विणीचे चौकोन तिरके झालेले नाहीत.

अडचण कापडाची नसून मोजणीची आहे. आलेखावरचे सतरा चौकोन मोजून सुई घालावी, तोच दूधवाल्याने हाक मारावी, परत येऊन बसावे तेव्हा सतरा की अठरा हे आठवू नये, असे आठवड्यातून चार वेळा तरी होते. डिसेंबरात पक्ष्याची निळी पाठ एका चौकोनाने उजवीकडे सरकली आणि ते लक्षात येईपर्यंत सुमारे सहाशे टाके पडले होते. ते सगळे उसवावे लागले. दुसरी चूक याहून बारीक होती. फुलीच्या दोन तिरक्या टाक्यांपैकी वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेने झुकलेला हवा, हे मला माहीत असूनही कामात खंड पडल्यावर मी तीन दिवस उलट्या दिशेने टाके घालत राहिले. समोरून पाहताना काहीच कळत नव्हते. ओटीवर दुपारचे ऊन तिरके आले तेव्हा पाठीचा तेवढा तुकडा वेगळ्याच चमकेने उठून दिसला, कारण दोऱ्यावरून उजेड ज्या बाजूने परततो ती बाजूच बदलली होती. तो तुकडा मी तसाच ठेवला आहे, आणि चित्र भिंतीवर कुठे लावायचे हे आता त्या तुकड्यावर ठरणार आहे.

मोजणी सोपी व्हावी म्हणून दर दहा चौकोनांवर रेघा आखण्यासाठी मी पाण्याने पुसले जाणारे निळे पेन घेतले होते. पेन चांगले आहे, रेघ बारीक येते, साध्या पाण्याने जाते. मात्र त्यावर इस्त्री फिरवू नये, ही सूचना वाचूनही मी ती विसरले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून अर्धे काम दाखवण्यापुरते नीट दिसावे, या हौसेपायी मी ते न धुता इस्त्री केले, आणि उष्णतेने रेघा तपकिरी होऊन कायमच्या बसल्या. चूक सर्वस्वी माझी. खालच्या कोपऱ्यात जिथे कोरे कापड राहायचे होते तिथे आता माडाची एक जास्तीची झावळी भरलेली आहे.

त्यानंतर मी पेन सोडून तंगूस वापरू लागले, आणि या साऱ्या खरेदीत मला सर्वांत समाधान त्यानेच दिले. मासे धरायचा हा नायलॉनचा बारीक धागा आमच्याकडे बंदरावर कुठेही मिळतो. दर दहा चौकोनांवर आडवा-उभा धावदोरा घालून तो कापडात ओवला की अख्ख्या आलेखासाठी सव्वीस ओळी लागतात, बोथट सुई त्यात अडकत नाही, आणि त्या भागातले काम संपल्यावर एक टोक धरून ओढला की टाक्यांना धक्का न लावता सुळकन निघून येतो. साध्या शिवणाच्या दोऱ्याने ओळी घातल्या तर सुई त्या दोऱ्यातून आरपार जाते आणि मग तो निघता निघत नाही. दूधवाला आता कितीही हाका मारो, परत आल्यावर मला फार तर नऊपर्यंतच मोजावे लागते.

दोऱ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नव्याने शिकणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात. सहापदरी सुती दोऱ्याची लडी आठ मीटरची असते आणि चौदा काउंटसाठी त्यातले दोनच पदर वापरायचे असतात, म्हणजे एका लडीतून प्रत्यक्ष कामाचा चोवीस मीटर दोरा मिळतो. तुटफूट, गाठी आणि शेपटे वजा जाता मला एका लडीत सतराशे-अठराशे फुल्या मिळाल्या. सहा पदर एकदम वेगळे करायला गेले की गुंता होतो. एकेक पदर वर ओढून काढावा आणि मग दोन पदर पुन्हा जुळवावेत. त्याहून चांगले म्हणजे मीटरभर लांबीचा एकच पदर घेऊन तो मध्यावर दुमडावा, दोन्ही टोके नेढ्यात ओवावीत आणि पहिल्या टाक्याच्या वेळी मागच्या बाजूच्या फाश्यातून सुई काढावी. गाठ पडत नाही आणि मागची बाजू सपाट राहते. बहुतेक आलेखांवर डीएमसी या कंपनीच्या दोऱ्यांचे रंगक्रमांक छापलेले असतात आणि आपल्याकडे बाजारात अँकर या दुसऱ्या कंपनीचा दोरा सहज मिळतो, त्यामुळे एकीचा कोणता क्रमांक दुसरीच्या कोणत्या क्रमांकाच्या जवळचा हे सांगणाऱ्या कोष्टकावरून ते जुळवावे लागतात. डीएमसीचा काळा ३१० आणि अँकरचा ४०३ यांत कोणाला फरक कळणार नाही, पण खंड्याच्या निळ्याच्या पाच छटांमध्ये कोष्टकावर विसंबून चालले नाही. दोन लड्या शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहाव्या लागल्या आणि एक छटा तर मी कोष्टक बाजूला ठेवून डोळ्यांनीच निवडली.

बांबूची रिंग मात्र पुन्हा घेणार नाही. नोव्हेंबर ते मे ती उत्तम चालली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागल्यावर आतले कडे फुगले, बाहेरचे त्यावर बसेना, आणि जोर करून बसवले तेव्हा स्क्रूच्या गंजाचा करड्या-तांबूस रंगाचा नखाएवढा डाग कापडाच्या कडेला उमटला. लिंबू आणि मीठ लावून, मधल्या उघाडीत मिळालेल्या दोन तासांच्या उन्हात ठेवल्यावर तो फिका झाला; पूर्ण गेला नाही. प्लास्टिकची रिंग आणि पितळी स्क्रू हा आमच्या हवेला योग्य जोड आहे. सुया चोवीस नंबरच्या, बोथट टोकाच्या आणि मोठ्या नेढ्याच्या आहेत. घामाने त्यांवरचा मुलामा जातो, म्हणून काम संपले की सुई कापडातून काढून टाल्कम पावडरच्या डबीत जाते. कापडात टोचून ठेवलेली सुई आमच्याकडे चार दिवसांत आपली खूण सोडते.

पावसाने आणखी एक धडा दिला. आयडा कापड दुकानातून येते तेव्हा त्याला खळ असते, त्यानेच ते कडक राहते आणि हाताला बरे लागते. ही खळ बुरशीला आणि कसरीला आवडते. जुलैत पंधरा दिवस पेटी उघडली नव्हती, ती उघडली तेव्हा भरलेला भाग स्वच्छ होता आणि न भरलेल्या पांढऱ्या पट्टीवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके होते. आता मी पावसाळ्यापूर्वी कापड कोमट पाण्यात भिजवून खळ काढून टाकते. कापड त्यामुळे मलूल होते आणि रिंगशिवाय भरता येत नाही, पण ते मला चालते. डांबराच्या गोळ्या ठेवून पाहिल्या होत्या, त्यांचा वास दोऱ्यात असा मुरला की खंड्याला माळ्यावरच्या ट्रंकेचा वास येऊ लागला. सासूबाई तांदळात ठेवतात तोच निरगुडीचा वाळवलेला पाला आता पेटीत असतो.

एप्रिल-मे महिन्यांत पांढऱ्या कापडाला हात लावणे शक्यच नसते. आंब्याच्या पेट्या भरायच्या, त्यापाठोपाठ रातांबे फोडायचे, साली त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवत आमसुले करायची. बोटे महिनाभर जांभळी असतात आणि साबणाने जात नाहीत. त्या दिवसांत मी गोधडीकडे वळले, आणि आमच्या घराच्या रीतीला कुठले काम मानवते ते तेव्हा उमगले.

गोधडीचे गणित साधे आहे. एक नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. सहा फुटांच्या चार घड्या घातल्या की चार थर मिळतात आणि थोडा पदर उरतो. त्यावर तुकड्यांचा एक थर लावला की एकूण पाच थर झाले. मी आधी शहरातून पॉलिएस्टरचा तयार थर आणला होता, पण तो वापरून शिवलेली छोटी गादी मुलाने मार्चमध्येच घाम येतो म्हणून लाथाडली. आमच्या हवेत सुती लुगड्यांचे थरच बरे. चार फूट बाय सहा फुटांच्या गोधडीवर अर्ध्या इंचाच्या अंतराने धावदोरा घालायचा तर साधारण १७५ मीटर दोरा लागतो, हे मी ओळी मोजून काढले. सासूबाईंनी मात्र न मोजता एवढीच रिळे आणायला सांगितली होती.

कडेपासून आत शिवत जाण्याची आपली पद्धत मी तशीच ठेवली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात, त्याही कडेपासून मध्याकडे जातात, तुकड्यांच्या कडा शिवता शिवता आत दुमडतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे फूल लावतात. त्यांच्या गोधड्यांची छायाचित्रे पाहून मीही तुकडे आधी जोडून न घेता एकेक लावत गेले. त्यामुळे एका वेळी एकच तुकडा हातात असतो आणि उठायची पाळी आली तर सुई टोचून उठता येते. परत आल्यावर कुठपर्यंत आलो हे मोजावे लागत नाही, शेवटची ओळ समोर दिसते. शिवाय हे काम कोणीही पुढे नेऊ शकते. दुपारी मी भात टाकायला गेले की सासूबाई दोन ओळी घालून ठेवतात. त्यांच्या एका इंचात पाच टाके बसतात, माझ्या इंचात तीन. गोधडी उजेडात धरली की कोणत्या दुपारी कोण बसले होते ते वाचता येते. पाच थरांतून सुई काढताना बोटाला अंगुस्तान हवेच. मी पहिला महिना त्यावाचून काढला आणि मधल्या बोटाला घट्टा पडला.

गोधडीतही एक पस्तावा आहे. कडा आणि मध्य यांच्या दरम्यानच्या एका चौकटीत मी हौसेने एका जुन्या लाल साडीचा तुकडा लावला. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का ते पाहायचे असते, इतके साधे काम मी केले नाही. गणपतीपूर्वी गोधडी विहिरीवर धुतली तेव्हा शेजारचे दोन मोतिया तुकडे गुलाबी झाले. “अगो, लाल आधी स्वतंत्र भिजवायचा,” असे सासूबाई म्हणाल्या, ते गोधडी वलणीवर चढल्यानंतर. ओली गोधडी दोघींनी मिळून पिळावी लागते आणि श्रावण-भाद्रपदात ती पडवीत वाळायला चार दिवस घेते. धुण्याचे काम मार्गशीर्षातच करावे, हे आता ठरले आहे.

गोधडी मध्यापासून एक हात दूर आहे आणि तशीच अर्धवट मुलगा पांघरतोही आहे. खंड्याची तपकिरी मान, पांढरा गळा आणि निळी पाठ झाली आहे. मी पुन्हा खरेदी केली तर चौदा काउंटचे कापड, चोवीस नंबरच्या सुया आणि तंगूस बिनदिक्कत घेईन. चोच तेवढी शिल्लक आहे. तिची लाल लडी संपली आहे, आणि त्याच क्रमांकाची नवी आली तरी जुन्या शेपटाशी दुपारच्या उन्हात ताडून आणि पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून पाहिल्याखेरीज मी ती सुईत ओवणार नाही.