भुकेला मॅक्स, चिडका मॅक्स आणि आमच्या सासूबाई

अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे लहान मुलांचं चित्रपुस्तक दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आलं आणि आता आंबे संपत आलेत. मधल्या काळात ते जवळजवळ रोज वाचलं गेलंय, कधी तर एकाच रात्री लागोपाठ. त्यामुळे नव्याची नवलाई म्हणून लिहितेय असं कुणी समजू नये. चिरंजीव साडेचार वर्षांचे. भूक लागली की आधी तोंड सुटतं, चपला उडतात, आणि पोटाची आठवण सगळ्यात शेवटी होते, अशातले. पुस्तक घेतलं ते त्याचसाठी.

गोष्ट एवढीशी. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स घरभर धुडगूस घालतो, आई ओरडते तर तिलाच खाऊन टाकायची धमकी देतो, आणि मग न जेवता त्याची खोलीत रवानगी होते. खोलीत जंगल उगवतं, होडी येते, मॅक्स अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात पोचतो, त्यांचा राजा होतो, मनसोक्त दंगा करतो. मग लांबून खाण्याचा वास येतो आणि राजेपण तिथेच टाकून स्वारी घरी. खोलीत जेवण मांडून ठेवलेलं असतं, तेही गरम. सगळा इंग्रजी मजकूर 338 शब्दांचा. पुस्तक 1963 सालचं, 1964 मध्ये त्याला अमेरिकेतलं, मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

आमच्या इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या घरात पहिला आक्षेप सासूबाईंचा. "उपाशी निजवलं? लेकराला? ही कसली गं आई?" असं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला. ज्या घरात डब्यात दाण्याचे लाडू नसले तर सेव-परमल (शेव-मुरमुरे) तरी असतंच, तिथे मूल न जेवता झोपलं ही बातमी थेट इंदूरभर जाणारी. गंमत अशी की शिकागोचे बालमानसतज्ज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी 1969 मध्ये एका मासिकात या पुस्तकावर जवळपास हीच टीका केली होती: मुलाला एकटं झोपायला पाठवणं म्हणजे त्याला टाकून देणं, आणि तेही उपाशी म्हणजे दुसऱ्यांदा टाकून देणं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "शहाणा दिसतोय माणूस."

चिरंजीवांची अडचण वेगळीच. जेवायला न मिळणं ही शिक्षा कशी, हेच त्याच्या डोक्यात शिरेना. आपल्याकडे ताट काढून घेत नाहीत, उलट ताटावरून उठून जाणं हे पोराचं हत्यार असतं. तो रुसणार, मी वरणभाताची वाटी घेऊन अंगणात मागे फिरणार, आजी मोराचा घास, चिमणीचा घास करणार. त्याच्या दृष्टीने मॅक्सला बक्षीसच मिळालं होतं. पण पुढे एका पानावर मॅक्स राजा स्वतःच त्या प्राण्यांना न जेवता झोपायला पाठवतो. तिथे हा जो खिदळला! स्वतःला झालेली शिक्षा दुसऱ्याला ठणकावून सांगण्यातली मजा त्याला झटक्यात कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशीसमोर कापडी हत्तीला उभं करून सुनावणी झाली: "तुला आज पोहे नाहीत. जिलबीपण नाही. जा!" आणि अर्ध्या मिनिटात स्वतःच हत्तीच्या सोंडेला जिलबी लावली. सोंड अजून चिकट आहे.

मला हे पुस्तक आवडायचं खरं कारण म्हणजे ते राग समजावून सांगत नाही. दुकानात 'भावना' या खात्यात बरीच पुस्तकं असतात, त्यात शेवटी कुणी तरी शहाणा प्राणी दहापर्यंत आकडे मोजायला लावतो. इथे कुणी काही शिकवत नाही. मॅक्स माफी मागत नाही, आईही मागत नाही. वास येतो, तो निघतो, बस्स. आणि पोटात कावळे ओरडत असताना होतं तेच. रक्तातली साखर उतरली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं, धडधड वाढते, माणूस भांडायच्या तयारीला लागतो. लहान मुलांच्या अंगात साठवलेली साखर मोठ्यांपेक्षा कमी, आणि मेंदूची भूक मोठी. दुपारी दीडच्या उन्हात शाळेच्या व्हॅनमधून उतरलेल्या पोराला समजुतीच्या गोष्टी सांगून उपयोग नसतो, हे कुणाही आईला ठाऊक आहे.

म्हणून पुस्तकाने चिडचिड कमी झाली का, या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. चपला अजून उडतात. पण एक उपयोग असा निघाला की जो पुस्तकावर कुठे छापलेला नाही. "काय खाशील?" असं विचारलं की भुकेला माणूस "काही नको" म्हणून किंचाळतो. "मॅक्सला आज कसला वास आला?" असं विचारलं की थांबतो. नाक वर करतो. मग "कांद्याच्या थालीपिठाचा," असं उत्तर येतं, किंवा "साबूदाण्याच्या खिचडीचा," आणि एकदा सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, आल्यानंतर सलग आठवडाभर "भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाचा", जो रोज करणं माझ्याच्याने होत नाही हे मॅक्सला सांगावं लागलं. पण निदान बोलणं तरी सुरू होतं.

चित्रांबद्दल लिहायचं तर रात्र पुरणार नाही. सुरुवातीला चित्र पानाच्या मधोमध छोटंसं असतं, भोवती पांढरी जागा. मॅक्सचा राग आणि जंगल जसं वाढतं तसं चित्र पसरत जातं, आणि दंग्याच्या वेळी दोन्ही पानं भरून टाकतं. तिथे तीन जोडपानांवर एक अक्षर नाही. ही पानं 'वाचायला' चिरंजीवच लागतात, म्हणजे पलंगावर उभं राहून आरोळ्या. खालच्या मजल्यावरच्यांची क्षमा मागून झाली आहे. खिडकीतला चंद्र आधी कोर असतो, शेवटी पूर्ण गोल होतो, हे मला होळीच्या सुमारास दिसलं. जिन्याजवळ भिंतीवर मॅक्सनेच काढलेलं एका राक्षसाचं चित्र टांगलंय, हे मात्र पोराने मला दाखवलं. आणि तो काटा! कुत्र्यामागे धावताना मॅक्सच्या हातात जेवणाचा काटा आहे. भुकेचा आणि रागाचा सगळा हिशेब त्या एका काट्यात आलाय. त्या पानावर आता जीरावनच्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याच्या, पिवळ्या बोटांचे ठसे आहेत.

त्या प्राण्यांचे चेहरे सेंडॅकने आपल्याच नातेवाइकांवरून घेतले, असं तो सांगत असे. रविवारी जेवायला यायचे, जेवण होईपर्यंत मुलांचे गाल ओढायचे आणि किती गोड, खाऊनच टाकावंसं वाटतं म्हणायचे. हे वाचल्यावर लग्नसराईतला आमचा अख्खा गोतावळा डोळ्यांसमोर आला. नावं लिहीत नाही, ते सगळे मोबाइल वापरतात.

तक्रारी आहेत. इंग्रजी वाक्य पानंच्या पानं लांबत जातं, त्यामुळे समोर बघून मराठीत सांगताना दमछाक होते. आधी स्वतः दोनदा वाचून ठेवा. आमची प्रत पातळ पुठ्ठ्याची, शिवण महाशिवरात्रीलाच सुटली, आता चिकटपट्टीवर आहे. आणि हे प्रत्येक मुलाला चालेल असं नाही. शेजारची तीन वर्षांची मुलगी त्या पिवळ्या डोळ्यांना पाहून पदरात शिरली, ती अजून आमच्या कपाटाजवळ जात नाही. चार वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबलेलं बरं. झोपताना शांत करणारं पुस्तक हवं असेल तर हे ते नव्हे, निदान मधल्या तीन जोडपानांपुरतं तरी.

आई चित्रात कुठेच दिसत नाही, हे चिरंजीवांना खटकलं. "मॅक्सची आई कुठाय?" असं विचारल्यावर सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "कुठे असणार? गॅसपाशी." तेव्हापासून पुस्तकावरचा त्यांचा राग बराच निवळला आहे. आता कधीकधी त्याच गोष्ट सांगतात, फक्त त्यांचा मॅक्स खोलीत जाण्याआधी गुपचूप एक लाडू खिशात घालतो. मूळ गोष्टीत असं नाही हे चिरंजीवांना माहीत आहे, पण लाडवावर त्यांचा आक्षेप नाही.