ग्रीसला जाताना: बेटामागून बेट, की एकटे क्रीट?

ग्रीसचे नक्की झाले आणि अथेन्सच्या मुक्कामाचे दिवस ठरले की उरलेल्या सुट्टीसाठी दोन आराखडे समोर येतात. पहिला सिक्लाडीझ बेटांचा, म्हणजे मिकोनोस, नाक्सोस, सँटोरिनी अशी बेटे फेरीबोटीने एकामागून एक करत जाण्याचा. दुसरा, अथेन्सहून थेट क्रीट हे मोठे बेट गाठून सारे दिवस तिथेच घालवण्याचा. वेगवेगळ्या वर्षी, घरच्या मंडळींना घेऊन, मी हे दोन्ही आराखडे पार पाडले आहेत. सोलापुरातले परिचित विचारतात तेव्हा माझे उत्तर कोणत्या बाजूला झुकते, हे पुढे लपून राहणार नाही.

उन्हाचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण ऊन खाण्यासाठी पैसे मोजून परदेशी जाण्याची वेळ सोलापूरकरावर कधी यायची नाही. मुलांच्या सुट्टीमुळे आपल्याकडचे बहुतेक लोक मे महिन्यात निघतात आणि तो महिना तिकडे सुखाचा असतो. फक्त समुद्राचे पाणी तोपर्यंत पुरेसे तापलेले नसते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उष्म्याच्या लाटा येतात. 2023 च्या जुलैत अथेन्सचे अक्रोपोलिस हे टेकडीवरचे प्राचीन स्थळ भर दुपारचे काही तास बंद ठेवावे लागले होते. याच दोन महिन्यांत एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा कोरडा वारा जोर धरतो, आणि बेटांच्या आराखड्याची खरी परीक्षा तिथे होते.

सिक्लाडीझच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सँटोरिनीकडे जहाज वळते आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात खचलेल्या विवराचे उभे कडे दोन्ही बाजूंनी वर चढत जातात, तेव्हा डेकवरची बडबड आपोआप थांबते. ते दृश्य क्रीटकडे नाही. त्याच कांस्ययुगीन उद्रेकाच्या राखेखाली गाडले गेलेले अक्रोतिरी हे नगर 1967 पासून उत्खनन करून बाहेर काढले जात आहे, आणि छताखाली फिरताना दुमजली घरांच्या भिंती, दारे, खिडक्या जागच्या जागी दिसतात. मिकोनोसहून बोटीने अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेले डिलोस बेट हे अपोलो या ग्रीक देवाचे जन्मस्थान मानले जाते. तिथे पर्यटकांना रात्री राहता येत नाही, त्यामुळे परतीच्या बोटीवर लक्ष ठेवून भग्नावशेष पाहावे लागतात. नाक्सोस या सर्वांत सौम्य आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. केवळ छायाचित्रांच्या निकषावर निवड करायची असेल, तर वाद इथेच संपतो.

माझ्यापुरता तो संपला नाही, याचे कारण बॅगा. कागदावर ‘मिकोनोस दोन दिवस, नाक्सोस दोन दिवस’ असे लिहिले की ते दिवस बेटांचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतला मोठा हिस्सा बंदराचा असतो. सकाळी खोली सोडायची, जहाज दुपारचे असते, मधल्या वेळात सामान कुठे ठेवायचे याची विचारणा करत राहायचे, मग धक्क्यावर सावलीचा तुकडा शोधून उभे राहायचे. जहाज बेटाला टेकण्यापूर्वीच सगळ्यांना खाली गाड्यांच्या मजल्यावर उतरवतात. तिथे ट्रकांच्या आणि मोटारींच्या मधल्या बोळात, डिझेलच्या वासात, बेटांची नावे लिहिलेल्या लोखंडी रॅकांमधून आपली बॅग ओढून काढायची असते, आणि नेमकी आपलीच बॅग इतरांच्या चार बॅगांखाली असते. साखळ्या खडखडतात, रॅम्प खाली येऊ लागतो, पाण्याचे फवारे आत येतात आणि रॅम्प पुरता टेकण्याआधीच माणसे पुढे सरकू लागतात, कारण जहाज तिथे काही मिनिटेच थांबणार असते. माझ्या आईने एका हाताने लोखंडी कठडा आणि दुसऱ्या हाताने माझ्या शर्टाची बाही घट्ट धरलेली मला आठवते. सँटोरिनीच्या अथिनिओस बंदरात उतरल्यावर पुढे कड्यावर चढणारा नागमोडी रस्ता आणि त्यावर खोळंबलेल्या बसगाड्या असतात. एकदा हे सोसणे ठीक. दर दोन दिवसांनी तेच करायचे म्हणजे सुट्टीची रयाच जाते. त्यात वाऱ्याचा जोर वाढून बोफर्ट मापनाच्या आठव्या पायरीला पोहोचला की जहाजांना बंदर सोडण्यास मनाई होते, आणि एक फेरी चुकली की पुढची सगळी आरक्षणे कोलमडतात. आमची फेरी वाऱ्याने हुकली तेव्हा जहाज कंपनीने पैसे परत देण्याचे मान्य केले, पण पुढच्या बेटावरच्या खोलीचे पैसे बुडाले ते बुडालेच.

क्रीटला जाताना हा प्रकार एकदाच होतो. अथेन्सजवळच्या पिरेअसहून रात्री निघालेले मोठे जहाज सकाळी इराक्लिओन शहराला किंवा खान्या शहराजवळच्या सूदा बंदरात लागते. केबिन घेतली की झोप होते आणि एका रात्रीचे हॉटेलही वाचते. बेट लहान नाही: सुमारे 8,300 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडे मोठे, पण लांबी जवळजवळ 260 किलोमीटर आणि मध्ये डोंगरांची रांग. म्हणून एकाच गावात राहून सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये.

इराक्लिओनजवळच्या क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याविषयी मते वेगळी असू शकतात. 1900 मध्ये आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने उत्खनन सुरू केले आणि पुढे काँक्रीट वापरून खांब व मजले पुन्हा उभे केले, त्याबद्दल जाणकार आजही नाक मुरडतात. मला मात्र, मुले बरोबर असताना, नुसत्या पायाभिंतींच्या ओळींपेक्षा ते लाल खांब उपयोगी वाटले. मूळ भित्तिचित्रे आणि अजून कुणाला न वाचता आलेल्या लिपीची फाइस्टोसची मातीची तबकडी इराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत. सकाळी राजवाडा आणि ऊन चढल्यावर संग्रहालय हा क्रम सोयीचा पडतो. क्नोसोससह सहा मिनोअन, म्हणजे क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीचे, राजवाडे 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आले आहेत, तेव्हा पुढे गर्दी वाढेल असा माझा अंदाज आहे.

शाकाहाराची अडचण दोन्हीकडे सारखीच, म्हणजे फारशी नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात. त्यांत मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी आणि माकूळ त्यांच्या उपवासाला चालतात, म्हणून विचारून घ्यावे. क्रीटचा ‘डाकोस’ मात्र आमच्या घरी सगळ्यांना आवडला. सातूची, दोनदा भाजलेली कडक पाव-चकती पाण्याने किंचित भिजवून तिच्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचे तेल आणि चीज घालतात. आपल्या कडक भाकरीची ती चुलत बहीणच म्हणावी.

नवविवाहित जोडप्याने, पाठीवरच्या एकेका पिशवीवर भागत असेल तर, सिक्लाडीझ अवश्य करावे. त्यांना माझी तक्रार किरकोळ वाटेल आणि तसे वाटणे योग्यच आहे. आई-वडील, मुले आणि चाकांच्या मोठ्या बॅगा असतील, तर मला क्रीट अधिक बरे वाटते. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामांची आरक्षणे जोडावी लागतात, तीही त्यामुळे मोजकी राहतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जाताना खान्याला उतरावे, मुक्कामाचा दुसरा भाग इराक्लिओनला ठेवावा आणि तिथूनच परत निघावे, म्हणजे तोच रस्ता पुन्हा करावा लागत नाही. सँटोरिनीचा मोह सुटत नसेल, तर हंगामात इराक्लिओनहून वेगवान बोटीने तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. बॅगा तेवढ्या खोलीवरच ठेवाव्यात, आणि हे तिकीट परतीच्या प्रवासाच्या आदल्या दिवसाचे मात्र काढू नये, कारण वाऱ्याचा भरवसा नाही.