एफएसटेस्ट्स: हत्यार उत्तम, पण 'नॉट रन'ची यादी आधी वाचा

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात स्टोरेजवर काम करणाऱ्या टीम कमी नाहीत. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आपला पॅच (कोडमधला बदल) घातला किंवा डिस्ट्रोचा कर्नल बदलला, की सगळीकडे प्रश्न एकच येतो: जुनं काही मोडलं नाही याची खात्री कशी करायची? लिनक्सवर त्यासाठी एफएसटेस्ट्सला, म्हणजे फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवण्याची व्यवस्था) तपासणाऱ्या चाचण्यांच्या संचाला, खरा पर्याय नाही. एसजीआय या संगणक कंपनीत एक्सएफएस या फाइलसिस्टिमसाठी सुरू झालेला हा संच बरीच वर्षं एक्सएफएसटेस्ट्स म्हणून ओळखला जायचा. आता ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एफ२एफएस, ओव्हरले, एनएफएस या इतर फाइलसिस्टिमही त्यावरच तपासल्या जातात. फुकट आहे, खुला आहे आणि सतत सुधारला जातो. घ्याच. फक्त शेवटी येणारी 'पास्ड ऑल' ही ओळ आहे तशी खरी मानू नका.

मांडणी सोपी आहे. दोन डिस्क लागतात. 'टेस्ट डेव्ह' ही एकदाच फॉरमॅट करून द्यायची. ती चाचण्यांमागून चाचण्या तशीच वापरली जाते आणि मुद्दामच जुनी होऊ दिली जाते. 'स्क्रॅच डेव्ह' मात्र चाचणी सुरू होताना पुन्हा पुन्हा पुसली जाते. दोन्हींची नावं आणि माउंटच्या जागा (डिस्क ज्या फोल्डरवर जोडायची तो) 'लोकल डॉट कॉन्फिग' या फाइलमध्ये लिहायच्या. प्रत्येकी वीस जीबी द्या. कमी दिलीत तर मोठ्या जागेच्या चाचण्या आपोआप गळतात. स्क्रॅच दुसरीकडे माउंट केलेली दिसली तर स्क्रिप्ट थांबते, पण माउंट न केलेल्या आणि डेटा भरलेल्या पार्टिशनला कोणी वाली नाही. रीबूटनंतर डिस्कची नावं अदलाबदल होतात, हेही लक्षात असू द्या. म्हणून हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवावं. तिथे या दोन आणि बूटची सोडून आणखी डिस्कच नसते, शिवाय कर्नल कोसळला तर सीरियल कन्सोलवरचा मजकूर हाती राहतो.

आता मुख्य तक्रार. एखाद्या चाचणीला हवी ती गोष्ट मशीनवर नसेल तर ती नापास होत नाही, 'नॉट रन' म्हणून बाजूला पडते. फिओ (डिस्कवर भार टाकणारं साधन) नाही, कोटाची (यूझरमागे जागेची मर्यादा घालणारी) साधनं नाहीत, कर्नलमध्ये डीएम-फ्लेकी (वीज गेल्याचं सोंग करणारा भाग) बांधलेलं नाही, 'एफएसजीक्यूए' नावाचा यूझर बनवलेला नाही: कारण कुठलंही असो, निकालात फक्त एक ओळ वाढते. '१२३४५६-एफएसजीक्यूए' असा आकड्याने सुरू होणारा एक विचित्र यूझरही लागतो. यूझरचं नाव की नुसता आयडी, यात साधनांचा गोंधळ होतो का ते पाहायला तो आहे, आणि तोच बनवायला बहुतेक जण विसरतात. अशा अर्धवट मशीनवर 'क्विक' (झटपट संपणाऱ्या चाचण्यांचा) गट लावला तर वीज जाण्याशी संबंधित जवळजवळ सगळ्या चाचण्या गायब होतात, आणि खाली लिहून येतं की सगळं पास. नव्या मशीनवर पहिल्यांदा चालवाल तेव्हा निकाल सोडा, 'नॉट रन'मागची कारणं एकेक करून वाचा. ती यादी जपून ठेवा आणि पुढच्या वेळी तिच्याशी ताडून बघा. यादी वाढली तर तोही रिग्रेशनच, म्हणजे आधी चालणारं मोडलं असंच, समजा.

संचाचं तत्त्व जुनं आणि साधं आहे. प्रत्येक चाचणी म्हणजे एक बॅश स्क्रिप्ट, आणि तिच्याशेजारी अपेक्षित आउटपुटची फाइल. स्क्रिप्टने छापलेलं त्या फाइलशी अक्षरन् अक्षर जुळलं तर पास, नाहीतर 'आउट डॉट बॅड' फाइल आणि डिफ (दोन्हींतला फरक). याशिवाय दर चाचणीनंतर डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टिम धड आहे का ते पाहणारं साधन) चालतो आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, वॉर्निंग किंवा लॉकडेपची (कर्नलमधल्या लॉकच्या चुका पकडणाऱ्या सोयीची) कुरकुर आहे का तेही पाहिलं जातं. कित्येक बग डिफमध्ये न दिसता या दोन ठिकाणी सापडतात. त्यामुळे कर्नल बांधताना लॉकडेप, केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) आणि एक्सएफएस डीबग चालू ठेवा. मशीन मंद होईल, होऊ द्या.

स्वतःची चाचणी लिहिताना या अक्षरन् अक्षर जुळण्यानेच घाम फुटतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. एक्सएफएस, ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या तिघांतही फाइलनावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या लिपी साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट (एकेका चिन्हाचा क्रमांक) तीन बाइट खातो. काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. 'ठाणे' बारा बाइट, 'नवी मुंबई' पंचवीस, आणि दोन अक्षरांचं दिसणारं 'क्षेत्र' एकवीस. पत्राचा अख्खा विषय फाइलनाव म्हणून टाकायची सवय असलेल्या कचेरीत ही मर्यादा पटकन येते. चाचणी सोपी आहे: 'ठ' पंच्याऐंशी वेळा लिहिलेलं नाव बनलं पाहिजे, शहाऐंशी वेळा लिहिलेलं बनता कामा नये. पण 'टच'चा (रिकामी फाइल बनवणाऱ्या कमांडचा) एरर सरळ छापू दिलात तर फसाल. संच लोकॅल (भाषेची सेटिंग) 'सी' ठेवतो, त्यामुळे 'टच' ती अक्षरं ऑक्टल आकड्यांत दाखवतो, आणि कोअरयुटिल्सच्या ('टच' ज्या पॅकेजमधून येतो त्याच्या) आवृत्तीगणिक अवतरणचिन्हांची पद्धत बदलते. एरर 'फुल' लॉगमध्ये वळवा आणि 'बनली' की 'नाही बनली' एवढी एकच ओळ आपण छापा.

'ऱ' तर आणखी मजेशीर. तो एकाच कोड पॉइंटने लिहिता येतो, किंवा 'र' आणि नुक्ता असा जोडून. दिसायला सारखाच, बाइट वेगळे. साध्या डिरेक्टरीत या दोन वेगळ्या फाइली असायला हव्यात. अशा जुळ्या नावांसाठी संचात जेनेरिक/४५३ ही चाचणी आहे. ईएक्सटी४ मध्ये केसफोल्ड (लहान-मोठ्या लिपीतली नावं एकच मानणारी सोय) चालू केलेल्या डिरेक्टरीत मात्र दोन्ही एकच मानल्या जातात, ते जेनेरिक/५५६ चं क्षेत्र. मराठी नावांची जोडी घेऊन स्वतःची चाचणी करायची तर आधी या दोन उघडून बघा.

आउटपुटमध्ये डिव्हाइसचं नाव, यूयूआयडी, आयनोड क्रमांक, मोकळी जागा यातलं काहीही कच्चं येऊ देऊ नका. 'कॉमन' फोल्डरमध्ये फिल्टर तयार आहेत. ब्लॉक मोजून छापलेत तर चार केबीवर पास होणारी चाचणी चौसष्ट केबीच्या पेजवर पडेल. आणि 'सायलेन्स इज गोल्डन' छापून गप्प राहणाऱ्या चाचण्यांपासून सावध राहा: लूप एकदाही फिरला नाही तरी ती पास. आपली नवी चाचणी दुरुस्ती नसलेल्या कर्नलवर आधी पाडून दाखवा. न पडलेली चाचणी भरतीची. मग त्या दुरुस्तीचा कमिट स्क्रिप्टमध्ये नोंदवा, म्हणजे जुन्या कर्नलवर ती पडली की हा पॅच राहिला असेल असा इशारा तिथेच मिळतो.

पावसाळ्यात वीज जातेच, मग खरी प्लग ओढूनच चाचणी करू, असा सल्ला अधूनमधून कानावर येतो. त्यातून मिळालेला बग पुन्हा घडवता येत नाही, म्हणून तो निरुपयोगी. डीएम-फ्लेकी हेच काम शिस्तीत करतं: फाइल लिहा, एफसिंक करा (ती डिस्कवर पक्की उतरवा), मग डीएम-फ्लेकीचं टेबल बदलून पुढचं सगळं लेखन गुपचूप टाकून द्या, अनमाउंट करा, टेबल पूर्ववत करून माउंट करा. फाइलसिस्टिमचा लॉग रिप्ले झाल्यावर फाइलचा एमडी५ (मजकुराचा ठसा) तोच आला पाहिजे. डीएम-लॉग-राइट्स त्याही पुढे जाऊन प्रत्येक लेखनाची नोंद ठेवतं, मग पाहिजे त्या क्षणी वीज गेली असं दाखवता येतं. एफएसस्ट्रेस (फाइलसिस्टिमवर यादृच्छिक भार टाकणारं साधन) चालू असताना शटडाउन करणारी जेनेरिक/३८८ आणि डीएम-एरर (डिस्कने एरर दिल्याचं सोंग) लावणारी जेनेरिक/४७५ या सगळ्यांत खडूस. त्या कधी पास, कधी नापास होतात. एकदा पडली म्हणून पॅचवर खापर फोडण्याआधी कॅपिटल 'एल' पर्याय लावा: पडलेली चाचणी तेवढ्या वेळा पुन्हा चालते आणि पास-नापासाचं प्रमाण कळतं. तेच जुन्या कर्नलवरही बघा.

साधनांसाठी, म्हणजे ईएक्सटी४ दुरुस्त करणाऱ्या ई२एफएससीके वगैरेंसाठी, एफएसटेस्ट्सपेक्षा त्यांच्या पॅकेजचा, ई२एफएसप्रॉग्सचा, स्वतःचा 'मेक चेक' बरा. बहुतेक चाचण्यांत बिघडवलेली एक छोटी इमेज (डिस्कची प्रत) जीझिप करून ठेवलेली असते आणि दोन अपेक्षित आउटपुट. पहिल्या फेरीत दुरुस्ती होते आणि एक्झिट कोड १ येतो; दुसऱ्या फेरीत काहीही सापडता कामा नये, कोड ०. ही दुसरी फेरी लाखमोलाची आहे, कारण एक बिघाड दुरुस्त करताना दुसरा घडवणारी साधनं तिथेच पकडली जातात. नवी इमेज डीबगएफएस या साधनाने अर्ध्या तासात बनते. एक्सएफएसच्या बाजूला 'फझर्स' (मुद्दाम बिघाड करून बघणारा) गट तसाच आहे, पण तो वेळ फार खातो.

वेळेचं गणित असं: 'क्विक' गटातली चाचणी तीस सेकंदांच्या आत संपावी असा संकेत, 'ऑटो'तली साधारण पाच मिनिटांत. क्विक दर पॅचला चालवा. ऑटो संध्याकाळी लावून ठाण्याची लोकल पकडा. 'डेंजरस' (मशीन कोसळवू शकणाऱ्या चाचण्यांचा) गट वेगळ्या मशीनवर न्या, नाहीतर सकाळी मशीन मेलेलं आणि उरलेला निकाल कोराच मिळेल.

दस्तऐवज तुटपुंजे आहेत; रीडमीपलीकडे 'कॉमन' वाचत बसावं लागतं, आणि हजारो ओळींचं बॅश वाचणं हे काही सुख नव्हे. नको असलेल्या चाचण्या कॅपिटल 'ई' पर्यायाला फाइल देऊन वगळता येतात. त्या फाइलमध्ये हॅशनंतरचा मजकूर दुर्लक्षिला जातो, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे चाचणी का वगळली आणि कोणत्या कर्नलवर, ते तिथेच लिहून ठेवा.