राजनिष्ठांचे हिशेब : राजारामपुरीतील एक अभ्यासवर्ग

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाची बाजू न सोडणाऱ्या वसाहतवासीयांचे पुढे काय झाले, या एकाच विषयावर गेल्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीत तीन संध्याकाळचा सशुल्क अभ्यासवर्ग झाला. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो. तक्रारी ओघात येतीलच.

सुरुवात स्वातंत्र्याच्या बाजूचे पुढारी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या घरापासून झाली. त्यांचा मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा गव्हर्नर. तो राजाशी एकनिष्ठ राहिला, कैदेत पडला आणि १७८२ मध्ये इंग्लंडला गेला. बापलेकांचा दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, तरीही सभागृह गप्प झाले होते.

वर्गाचे खरे चीज झाले ते दुसऱ्या दिवशी. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिस तहात राजनिष्ठांची जप्त मालमत्ता परत करण्याची राज्यांना केवळ शिफारस करण्याचे अमेरिकेच्या काँग्रेसने कबूल केले, राज्यांनी ती बहुतांशी धाब्यावर बसवली आणि नुकसानभरपाईसाठी ब्रिटिश संसदेला आयोग नेमावा लागला, एवढे सांगून प्रत्येकाच्या हातात एक कोरा अर्ज देण्यात आला : उद्या घरदार सोडावे लागले, तर काय गेले, त्याची किंमत किती आणि साक्षीदार कोण? माझ्या शेजारी बसलेले शिरोळकडील गृहस्थ ऊस, दोन म्हशी आणि विहिरीतील चार आणे हिस्सा लिहून साक्षीदाराच्या रकान्याशी अडले, कारण विहिरीचे साक्षीदार म्हणजे ज्यांच्याशी दावा चालू आहे ते चुलतभाऊच. आयोगापुढे तीन हजारांहून अधिक अर्ज आले. अनेकांचे कागदपत्र आणि शेजारी मात्र समुद्रापलीकडे राहिले होते.

तिसरा दिवस घाईत उरकला. तीस हजारांच्या आसपास माणसे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशियाकडे गेली आणि १७८४ मध्ये त्यातून न्यू ब्रन्सविक ही वेगळी वसाहत झाली, इथवर ठीक होते. परंतु स्वातंत्र्याच्या आश्वासनावर इंग्रजांकडे आलेले कृष्णवर्णीय, ज्यांपैकी सुमारे १२०० जण कबूल केलेल्या जमिनींची वाट पाहून अखेर १७९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेले, त्यांच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे आली. टिपणांत १७८३ चे १८७३ झाले होते, तेही खटकले.

शेवटी कोणीतरी कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज यांचा विषय काढला : १८५७ च्या उठावानंतर इकडे बंडाचा ठपका असलेले कराचीला, तिकडे बंडाला विरोध करणारे नोव्हा स्कॉशियातील हॅलिफॅक्सला. व्याख्याते रंगात येत होते, इतक्यात वेळ संपली म्हणून रखवालदाराने पंखे बंद केले. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. पुढच्या रांगेत बसावे, मागून नकाशावरची अक्षरे दिसत नाहीत.